उजेडाला कारण हवे : थ्रीडी व्ह्यूमधला प्रकाश पटतो कसा

नवा फ्लॅट बुक करताना किंवा जुन्या घराचे इंटिरिअर करून घेताना ग्राहकाच्या हातात सर्वांत आधी पडतो तो थ्रीडी व्ह्यू. प्लॅन त्याला वाचता येतोच असे नाही, पण व्ह्यू समजतो. सोफा, टीव्ही युनिट, फॉल्स सीलिंग, पडदे, सगळे जागच्या जागी दिसते. तरीही काही व्ह्यू पाहताक्षणी पटतात आणि काहींत सामान अगदी मापात असूनही खोली प्लास्टिकची वाटते. अशा वेळी सोफ्याचे मॉडेल बदलून फारसे काही साधत नाही. बहुतेक वेळा चूक उजेडात असते.

आपण जन्मापासून उजेडात वावरतो. त्याचे नियम सांगता आले नाहीत, तरी मोडलेले नियम डोळ्याला लगेच खटकतात. म्हणून या कामाचे पहिले सूत्र साधे आहे : चित्रातल्या प्रत्येक उजळ जागेला कारण हवे. हा कोपरा उजळला तो खिडकीमुळे, ही भिंत तापली ती समोरच्या फरशीवरच्या उन्हामुळे, छताची ही कड पिवळी झाली ती कोव्हमधल्या, म्हणजे फॉल्स सीलिंगच्या खोबणीतल्या, एलईडी स्ट्रिपमुळे, असे बोट ठेवून सांगता आले पाहिजे. ज्या उजेडाचे कारण सापडत नाही, तो उजेड चित्राला खोटे पाडतो.

हे सूत्र कसे वापरायचे ते पाहण्यासाठी एकच खोली धरू. पुण्यातल्या एका टू बीएचके फ्लॅटचा हॉल, १२ फूट रुंद आणि १८ फूट खोल. दक्षिणेच्या १२ फुटी भिंतीत जमिनीपासून ७ फूट उंचीचे स्लायडिंग दार आणि वर २ फुटांचा छज्जा. बाकी तीन भिंती बंद.

आधी उत्तर दिशा, मग महिना, मग घड्याळ

सॉफ्टवेअरमध्ये सूर्य हवा तिथे ओढून ठेवता येतो, आणि पहिली चूक तिथेच होते. चित्रात सुंदर दिसते म्हणून ऊन हॉलभर लांबवले जाते. पण पुण्याचा सूर्य तसे वागतो का, ते आधी तपासावे.

पुण्याचे अक्षांश साधारण साडेअठरा अंश उत्तर. २२ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास, सूर्य सर्वांत वर असताना, तो क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. दाराची वरची कड २.१ मीटरवर आहे. ती उंची ४८ अंशांच्या स्पर्शकाने, म्हणजे १.११ने भागली की उत्तर येते १.९ मीटर. म्हणजे छज्जा नसता तर ऊन दारापासून सव्वासहा फूट आत आले असते. दोन फुटांच्या छज्ज्याने त्यातले ६० सेंटिमीटर कापले आणि उरले १.३ मीटर. भिंतीची जाडी वजा केली की हॉलमध्ये पडते ते जेमतेम साडेतीन फुटांचे ऊन. वर्षातल्या सर्वांत तिरप्या दुपारी एवढेच.

मार्चच्या संपातदिनी सूर्य दुपारी ७१ अंशांच्या वर असतो आणि छज्जा त्याला आत येऊच देत नाही. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत तर तो दुपारी डोक्यावरून उत्तरेकडे गेलेला असतो. महाराष्ट्रातल्या शाळांत आता आवर्जून पाहिला जाणारा शून्य सावलीचा दिवस याच प्रवासात दोनदा येतो. त्या काळात आपल्या दक्षिणेच्या दारातून भर दुपारी उन्हाची तिरीपही आत येणार नाही.

आता हाच हॉल लंडनला नेऊ. तिथे डिसेंबरच्या दुपारी सूर्य जेमतेम १५ अंशांवर असतो. छज्जा नसेल तर ऊन पावणेआठ मीटर आत जाईल, म्हणजे मागच्या भिंतीवरही चढेल. आपण जे व्हिडिओ धडे पाहून हे काम शिकतो, त्यांतले पुष्कळसे युरोपातले आहेत. त्यांतले लांबलचक उन्हाचे पट्टे तिथे खरे असतात, पण इथल्या दक्षिणमुखी हॉलमध्ये तसेच उचलून आणले की खटकतात.

लांब पट्टे हवे असतील तर ते पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीतून येऊ द्यावेत. सूर्यास्ताच्या तासभर आधी आपल्याकडेही सूर्य १५ अंशांच्या आसपास उतरतो आणि पश्चिमेचे ऊन १८ फूट ओलांडून जाते. त्या वेळचे ऊन पिवळे-तांबूस असते, त्याची धग उतरलेली असते आणि सावल्या लांब असतात. रंग, लांबी आणि तीव्रता या तिन्ही गोष्टी एकाच घड्याळातून आल्या पाहिजेत. दुपारचे पांढरे ऊन आणि संध्याकाळची लांब सावली एका चित्रात आली की पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण त्याचा विश्वास उडतो.

खोली मुख्यतः आकाशावर उजळते

नवशिक्याचे सगळे लक्ष उन्हावर असते. पण दिवसाच्या बहुतेक वेळी आपल्या खोल्यांत ऊन येत नाही आणि तरीही दिवा लावावा लागत नाही. हा उजेड आकाशाचा. भर उन्हात उघड्यावर सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, तर पूर्ण ढगाळ दिवशी साधारण दहा हजार. ढगाळ दिवशी खोलीच्या आतल्या भागात बाहेरच्या उजेडाचा एक-दोन टक्केच भाग पोचला, तरी ते १०० ते २०० लक्स होतात. तेवढ्यात घरातली नेहमीची कामे होतात.

आकाशाचा उजेड एका बिंदूतून येत नाही. तो संपूर्ण दारातून, सगळ्या दिशांनी आत शिरतो. त्यामुळे त्याच्या सावल्या मऊ असतात आणि दारापासून दूर जावे तसा तो भराभर घटतो. १८ फुटांच्या हॉलमध्ये दाराजवळचा सोफा आणि मागच्या भिंतीजवळचे डायनिंग टेबल सारखेच उजळ दिसले, तर त्या चित्रात कुणीतरी लपवून दिवा ठेवला आहे हे नक्की. ही उतरण जपणे म्हणजे खोलीला खोली देणे.

पावसाळी व्ह्यूची मागणी आपल्याकडे कमी असते, पण उजेड समजून घ्यायला त्यासारखा अभ्यास नाही. ढगांनी भरलेल्या आकाशाचे जे प्रमाणित गणित वापरले जाते, त्यात क्षितिजाजवळच्या आकाशापेक्षा माथ्यावरचे आकाश तिप्पट उजळ धरतात. त्यामुळे खिडकीचा वरचा भाग किती मोकळा आहे याला महत्त्व येते. पेल्मेट, जाड पडदा किंवा समोरची इमारत यांनी वरचे आकाश झाकले की खोली पटकन काळवंडते. व्ह्यूमध्ये समोरची इमारत न दाखवणे ही म्हणूनच फक्त देखाव्याची चूक ठरत नाही. आतल्या उजेडाचे सगळे गणित तिने बिघडते.

आकाशाचा फोटो, म्हणजे एचडीआरआय, वापरणार असाल तर दोन गोष्टी पाहाव्यात. त्यातला सूर्य तुमच्या उत्तर दिशेशी जुळतो का, आणि फोटोत सूर्याची पूर्ण तीव्रता टिपली गेली आहे का. ती कापली गेली असेल तर ऊन फिके आणि सावली पुसट येते. तेव्हा आकाश फोटोतून घ्यावे आणि सूर्य वेगळा लावावा.

फरशीवरचे ऊन हाच मोठा दिवा

या हॉलमधली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. डिसेंबरच्या दुपारी दारातून आलेले ऊन फरशीवर पडले. सूर्य ४८ अंशांवर आणि मध्ये काच, हे धरून फरशीवर साधारण ६० हजार लक्स पोचले असे मानू. उन्हाचा तुकडा फक्त एक चौरस मीटरचा घेऊ. फरशी फिक्या बदामी व्हिट्रिफाइड टाइलची आहे आणि पडलेल्या उजेडातला ४० टक्के भाग परत फेकते. म्हणजे त्या एक चौरस मीटरमधून २४ हजार ल्युमेन उजेड खोलीत उसळतो.

घरातली २० वॅटची एलईडी बॅटन साधारण दोन हजार ल्युमेन देते. म्हणजे फरशीवरचा तो छोटासा उन्हाचा तुकडा बारा बॅटनचे काम करतो, आणि तेही खालून वर. त्या तुकड्याच्या वरचे छत उजळते, सोफ्याची खालची कड उजळते, टेबलाच्या तळाला बदामी झाक येते. पटणाऱ्या चित्रात हे सगळे दिसते. जिथे कलाकाराने ऊन दाखवले आहे पण छत मात्र करडे ठेवले आहे, तिथे ऊन फरशीवर छापल्यासारखे दिसते.

भिंतीचा रंग उजेडाचे प्रमाण ठरवतो

उजेड एकदा उसळून थांबत नाही. भिंतीवरून छतावर, छतावरून फरशीवर, असा तो फिरत राहतो आणि प्रत्येक टप्प्यावर थोडा शोषला जातो. सगळ्या पृष्ठभागांनी सारखाच वाटा परत फेकला असे मानले, तर बंद खोलीतला एकूण उजेड काढायचे सोपे सूत्र आहे. परत फेकलेला वाटा एकमधून वजा करा आणि आलेल्या संख्येने एकला भागा. परावर्तन ५० टक्के असेल तर मूळ उजेड दुप्पट होतो. ८० टक्के असेल तर पाचपट. ९० टक्के असेल तर दहापट.

यातून तीन व्यावहारिक गोष्टी निघतात.

पहिली म्हणजे, पांढरा रंग कधीही पूर्ण पांढरा देऊ नये. घराला लावलेला चांगला पांढरा रंग साधारण ८० ते ८५ टक्के उजेड परत देतो. सॉफ्टवेअरमध्ये भिंतीला शंभर टक्के पांढरे केले की उजेड विझतच नाही. मग कोपरे नाहीसे होतात, छत आणि भिंत एकमेकांत मिसळतात आणि खोली दुधात बुडाल्यासारखी दिसते.

दुसरी गोष्ट उसळ्यांच्या संख्येची. संगणकाचा वेळ वाचवण्यासाठी चार उसळ्यांवर हिशोब थांबवला, तर ५० टक्के परावर्तनाच्या खोलीत जेमतेम तीन टक्के उजेड हरवतो. पण ८० टक्क्यांच्या पांढऱ्या खोलीत जवळजवळ एक तृतीयांश उजेड गहाळ होतो. मग तो भरून काढायला कुठेतरी चोरून दिवे ठेवले जातात आणि चित्र तिथून घसरत जाते. फिक्या रंगाच्या घरांत उसळ्या वाढवाव्यात. दिवे वाढवू नयेत.

तिसरी गोष्ट रंगाची. परत आलेला उजेड भिंतीचा रंग घेऊन येतो. एका भिंतीला विटकरी टेक्स्चर दिले तर शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर आणि छतावर त्याची झाक पडणारच. ती ठेवावी, पण प्रमाणात. कॅटलॉगमधले रंग संगणकात मुळाहून भडक दिले गेले की पांढरे छत गुलाबी होते. अशा वेळी छताचा रंग बदलायचा मोह होतो, पण दुरुस्त करायची असते ती विटकरी भिंत.

दिवे : वॅट विसरा, ल्युमेन आणि केल्विन पाहा

रात्रीचा व्ह्यू दिवसाच्या व्ह्यूपेक्षा अवघड असतो, कारण तिथे प्रत्येक दिव्याची जबाबदारी आपल्यावर असते. वॅट ही विजेच्या खर्चाची मोजणी आहे. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात, आणि तो आकडा बल्बच्या खोक्यावर छापलेला असतो. ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ८०० ते ९०० ल्युमेन देतो.

आपल्या हॉलचे क्षेत्रफळ २१६ चौरस फूट, म्हणजे सुमारे २० चौरस मीटर. दोन बॅटन लावल्या तर चार हजार ल्युमेन होतात. त्यातला निम्मा उपयोगी पातळीवर पोचला असे धरले, तर दोन हजार भागिले वीस, म्हणजे १०० लक्स. मध्यमवर्गीय घराच्या हॉलमध्ये रात्री एवढाच उजेड असतो. व्ह्यूमध्ये छतात सोळा डाउनलाइट, वर कोव्ह आणि शिवाय झुंबर असे सगळे पूर्ण तेजाने लावले की तो हॉल दागिन्यांच्या दुकानासारखा दिसतो. कोणते दिवे पेटलेले आहेत ते आधी ठरवावे. घरातले सगळे दिवे एका वेळी कुणी लावत नाही.

रंगाचे माप केल्विनमध्ये असते. २,७०० ते ३,००० केल्विन म्हणजे पिवळसर वॉर्म व्हाइट, ४,००० म्हणजे मधला, आणि ६,५०० म्हणजे आपल्या घराघरांतल्या ट्यूबलाइटचा निळसर पांढरा कूल डेलाइट. एकाच व्ह्यूमध्ये वेगवेगळ्या रंगांचे दिवे असू शकतात, पण त्यालाही कारण हवे : कोव्ह वॉर्म आणि देवघरातला फोकसही वॉर्म, पण स्वयंपाकघराच्या ओट्यावरचा दिवा ४,०००चा. संध्याकाळच्या व्ह्यूमध्ये दाराबाहेरचे आकाश निळे आणि आतला उजेड पिवळा, हा विरोध आपोआप साधतो आणि डोळ्याला सुखावतो. तो उगाच पुसून टाकू नये.

डाउनलाइटची खरी ओळख भिंतीवर पडणाऱ्या त्याच्या कमानीत असते. दिवा भिंतीपासून फूटभरावर असला की भिंतीवर उजेडाची कमान उमटते. दूर सरकवला की ती पसरते आणि पुसट होते. हा आकार खरा यावा म्हणून दिव्यांच्या कंपन्या आयईएस नावाच्या फायली देतात. दिवा कोणत्या दिशेला किती उजेड टाकतो, त्याची मोजलेली नोंद त्यांत असते. जो दिवा साइटवर लागणार आहे त्याचीच फाइल घ्यावी. फक्त सुंदर कमान दिसते म्हणून भलत्याच दिव्याची फाइल लावली, तर इलेक्ट्रिशियन काम संपवून गेल्यावर ग्राहक तीच कमान शोधत बसतो.

कोव्हमध्ये स्ट्रिप आणि छत यांच्यातले अंतर निर्णायक असते. अंतर फार कमी ठेवले तर छतावर पांढरीफटक रेघ उमटते आणि लगेच काळोख येतो. साधारण चार-सहा इंच जागा ठेवली की उजेड मऊपणे पसरत जातो. ही उतरण व्ह्यूमध्ये दाखवायची असेल, तर पीओपीच्या ड्रॉइंगमध्येही तेवढीच जागा हवी.

सावलीची कड

सावली किती धारदार असावी, हे उजेडाचा स्रोत किती मोठा दिसतो त्यावर ठरते. आपल्याला दिसणारी सूर्याची चकती सुमारे अर्ध्या अंशाची आहे. त्यामुळे उन्हातल्या सावलीची कड दर मीटरमागे साधारण ९ मिलिमीटर पुसट होत जाते. खिडकीच्या ग्रिलची सावली खिडकीजवळ रेखीव असते आणि तीन मीटर आत पोचली की तिची कड जवळजवळ एक इंच धूसर झालेली असते. सॉफ्टवेअरमधल्या सूर्याचे माप शून्य ठेवले तर सगळीकडे ब्लेडने कापल्यासारखी सावली येते आणि चित्र संगणकाचे असल्याचे लगेच कळते.

ग्रिलचा विषय निघालाच आहे तर सांगायला हवे. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटला सेफ्टी ग्रिल, डासांची जाळी आणि स्लायडिंगच्या तीन पट्ट्या असतात. उन्हाचा तुकडा त्यांतून तुटून येतो. त्या दाखवल्या की उजेडाला आपले गाव मिळते.

दुसरी सावली त्याहून बारीक आणि अधिक महत्त्वाची आहे : वस्तू जमिनीला टेकते तिथली. सोफ्याच्या पायाखाली, स्कर्टिंग आणि फरशीच्या सांध्यात, उशी आणि पाठीच्या फटीत काळोखाची बारीक रेघ असते. ती नसली की सगळे सामान हवेत तरंगते. मॉडेलमध्ये वस्तू फरशीपासून काही मिलिमीटर वर राहिली आहे का किंवा आत घुसली आहे का, ते आधी तपासावे.

पृष्ठभागावरची चकाकी

उजेड दिसतो तो वस्तूंवर. म्हणून मटेरिअल चुकले तर अचूक लावलेला उजेडही वाया जातो. काचेकडे सरळ पाहिले तर एका तावदानावरून साधारण ८ टक्के उजेड परत येतो, पण तिरके पाहत गेले की प्रतिबिंब वाढत जाते. हा नियम काचेपुरता नाही. पॉलिश केलेला कोटा, लॅमिनेट, विनियर, ऑइल पेंट, सगळ्यांना तो कमीअधिक लागू आहे. लांबवर पसरलेली फरशी दूरच्या टोकाला अधिक चमकते ती यामुळे.

खऱ्या घरातली चकाकी एकसारखी नसते. पुसलेल्या फरशीवर फडक्याचे फिकट फराटे असतात, दाराच्या हँडलजवळ हातांनी मंदावलेला भाग असतो, लॅमिनेटच्या कडांवर केसाएवढी गोलाई असते. ती गोलाई उजेडाची बारीक रेघ पकडते. मॉडेलमधल्या कडा मिलिमीटरभर गोल केल्या तरी फर्निचर सुताराने बनवल्यासारखे दिसू लागते.

रात्रीच्या व्ह्यूमध्ये दाराची काच आरसा होते. आतले दिवे, टीव्ही, उभा पडदा असे सगळे तिच्यात उमटते. बाहेर काळा चौकोन ठेवून दिला तर ते दार भिंतीला लावलेल्या पाटीसारखे दिसते.

कॅमेऱ्याला सगळे दाखवू देऊ नका

उघड्या उन्हात आणि घराच्या आतल्या भागात उजेडाचा फरक सहज सहा-सात स्टॉपचा असतो. प्रत्येक स्टॉपला उजेड दुप्पट होतो, म्हणजे सात स्टॉपला १२८ पट. एकाच साध्या फोटोत आत आणि बाहेर दोन्ही सहसा नीट दिसत नाहीत, आणि इंटिरिअरचे फोटो पाहून पाहून आपला डोळा हे शिकलेला आहे. आत व्यवस्थित दिसत असेल तर दाराबाहेरचे दृश्य थोडे उजळून गेलेले असायला हवे. बाहेरचे झाड पानापानासह स्पष्ट दिसते आणि आतला सोफाही लख्ख दिसतो, असे चित्र दोन वेगळे फोटो चिकटवल्यासारखे वाटते.

उजळ भाग एकदम पांढराफटक होऊ नये, हळूहळू विरत जावा, यासाठी सॉफ्टवेअरमध्ये टोन मॅपिंग असते. ब्लेंडर या सॉफ्टवेअरने २०२३ मध्ये ४.० आवृत्तीपासून एजीएक्स नावाची पद्धत मूळ सेटिंगमध्येच दिली आहे. व्ही-रे आणि कोरोना या सॉफ्टवेअरमध्येही अशी साधने आहेत. ती वापरावीत, पण काळोखाचा भागही काळोखाकडे राहू द्यावा. ॲलेक्स रोमन या स्पॅनिश कलाकाराने २००९ मध्ये ‘द थर्ड अँड द सेव्हन्थ’ हा संगणकावर घडवलेला लघुपट केला. वास्तुकलेच्या चित्रणात काम करणारे लोक आजही तो पाहतात. त्याने खोल्यांचे कोपरे अंधारात राहू दिले आणि म्हणूनच तिथला उजेड मौल्यवान झाला.

कॅमेरा जमिनीपासून चार-पाच फुटांवर, उभ्या रेषा सरळ आणि लेन्स २४ मिलिमीटरच्या आसपास, एवढे पाळले तरी पुष्कळ. त्याहून रुंद लेन्सने १२ फुटी हॉल २० फुटी दिसतो आणि उजेडाची उतरणही ताणली जाते.

संगणक आत काय करतो

ही गणिते संगणकाकडे आली त्याला चाळीस वर्षे झाली. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात रंगीत भिंतींची एक साधी पेटी संगणकावर उजळवण्यात आली आणि भिंतीभिंतींमधली उजेडाची देवाणघेवाण प्रथमच नेमकेपणाने मांडली गेली. १९८६ मध्ये जेम्स कजिया यांनी या सगळ्याचे एक समीकरण मांडले. चित्र तयार करणारी, म्हणजे रेंडरिंगची, आजची बहुतेक सॉफ्टवेअर त्यावरच उभी आहेत. प्रत्येक पिक्सेलमधून किरण सोडायचे, ते खोलीत यादृच्छिकपणे उसळू द्यायचे आणि दिव्यापर्यंत किंवा आकाशापर्यंत पोचलेल्यांची सरासरी घ्यायची.

सरासरी अपुरी राहिली की चित्रात दाणे दिसतात. दाणे निम्मे करायचे तर किरण चौपट लागतात, म्हणून वेळ झपाट्याने वाढतो. हल्ली डिनॉइझर हे दाणे पुसून देतो, पण अपुऱ्या किरणांवर तो चालवला तर विनियरची शीर, पडद्याचे विणकाम आणि टेबलाखालची बारीक सावलीही पुसली जाते. आधी पुरेसे किरण, मग डिनॉइझर, हा क्रम चुकवू नये.

कामाचा क्रम

सगळ्या वस्तूंना एकच मध्यम करडा रंग देऊन पहिला रेंडर काढावा. त्यात फक्त सूर्य आणि आकाश ठेवावे. या करड्या चित्रात खोली पटली नाही तर मटेरिअलने ती पटणार नाही. मग मटेरिअल चढवावे आणि पांढरा रंग तपासावा. त्यानंतर दिवे एकेक करून पेटवावेत आणि प्रत्येक दिव्याने काय बदलले ते पाहावे. ज्याने काहीच बदलले नाही तो काढून टाकावा. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा किती उजेड घेतो ते, पक्के करायचे सर्वांत शेवटी.

खोली काळी दिसली तर आधी एक्स्पोजर वाढवावे, मग काचेचे आणि पडद्याचे गुण तपासावेत, मग भिंतीचा रंग. अदृश्य दिवा ठेवणे हा शेवटचा उपाय, आणि तोही दाराच्या दिशेनेच, म्हणजे त्याच्या उजेडाला निदान दाराचे कारण राहते.

चांगली वास्तू उजेडाला आधीच वळण देते

मुंबईतल्या कांचनजंगा इमारतीत चार्ल्स कोरिया यांनी हे दाखवून दिले आहे. १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीत समुद्राचा देखावा पश्चिमेला, आणि कडक ऊन व मोसमी पावसाचा मारही तिकडूनच. त्यांनी कोपऱ्यांत खोल, दुमजली उंचीच्या गच्च्या कोरल्या. त्यामुळे आतल्या खोल्यांना थेट उन्हाऐवजी गच्चीत निवळलेला उजेड मिळतो. अशा घराचा व्ह्यू करताना आत उन्हाचा लोट सोडला, तर वास्तुविशारदाने ज्यासाठी एवढी खटपट केली तेच आपण पुसून टाकतो.

व्ह्यू हे आश्वासन असते

रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या, माहितीपत्रकातल्या किंवा नमुना सदनिकेतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्या ग्राहकाचे नुकसान झाले, तर भरपाईची तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी माणूस आयुष्याची बचत घालून घर घेतो तेव्हा त्या हॉलमध्ये दुपारी दिवा लावावा लागेल की नाही, हे त्याला आधी कळायला हवे. हे काम करणाऱ्यांनी उजेड मोजून लावावा. त्यातच आपल्या कामाची इज्जत आहे.

घर घेणाऱ्यांनी व्ह्यू हातात आल्यावर चार प्रश्न विचारावेत. यात उत्तर दिशा कुठे आहे? हा महिना कोणता आणि वाजले किती? समोरची इमारत धरली आहे का? आणि जे दिवे पेटलेले दिसतात, तेच दिवे कोटेशनमध्ये आहेत का? ज्याने उजेडाचा हिशोब केला आहे, त्याच्याकडे या चारही प्रश्नांची उत्तरे तयार असतात.